गुडघ्यापासून खाली

कॅम्पातल्या माझ्या दुकानात लोक जुने फोटो घेऊन येतात.
आजोबांनी पलटणीचे कोट शिवले,
वडिलांनी तेच उसवून शाळेच्या पोरांचे केले,
माझ्या वाट्याला आलं नुसतं ओळखणं.

शनिवारी नंदगडच्या पलीकडून तुळसव्वा हलशीकर आली.
पिशवीत टॉवेल, टॉवेलात काच,
काचेमागं तिचा पणजा.
'भावकू मष्णू. बंदूकवाला होता.
गावच्या कमानीवर नावं घालूलालेत,
पलटण कुठली तेवढं सांगा.'

मी भिंग पुसलं.
मागं रंगवलेला पडदा: तळं, कठडा,
आणि बेळगावात कधीच न आलेले दोन हंस.
कोटाला पाच बटणं. चार पितळी.
तळाचं शिंगाचं, चार भोकांचं,
दोरा फुलीनं गेलेला,
आणि फुलीच्या पोटातून आडवा एक जादा टाका.

तो टाका आमच्या घरचा.
पट्टीचे वळ खाऊन शिकलोय मी तो.

म्हणजे हा कोट सरकारचा नव्हे, फोटोवाल्याचा.
आजोबांनी त्याला एकच शिवून दिला होता,
रजेवर निघालेला जो येई तो त्यात शिरे.
मी हा कोट आधी दोघांच्या अंगावर बघितलाय:
एक दाढीवाला, आणि एक पोरगा,
ज्याच्या कानाला कॉलर टेकत होती.
भावकूच्या मनगटाखाली बाही दोन बोटं उरलीय.
बंदुकीला बोल्ट नाही,
लाकूड आहे, काजळी फासलेलं.

बाई गप्प बसली होती. पदराची कड दुमडत, उलगडत.
मी उगाच हंसांबद्दल बोलत राहिलो.

मग भिंग खाली सरकलं, पायांवर.
पट्ट्या मात्र त्याच्या स्वतःच्या.
कडा विरलेल्या, एका जागी रफू,
रफूही शिंप्याचं नाही, शिपायाचं, घाईतलं.
पायदळातला माणूस पट्टी घोट्यापासून वर गुंडाळतो,
गाठ गुडघ्याखाली मारतो.
यानं गुडघ्यापासून खाली आणलीय.
गाठ घोट्यापाशी.
तशी बांधतात घोड्याखेचरांची माणसं,
जनावराच्या कुशीला गाठ घासू नये म्हणून.
कोट कुणीही चढवून देतो, बंदूक कुणीही हातात ठेवतो.
पट्ट्या तेवढ्या ज्याच्या त्याला बांधाव्या लागतात,
पहाटे, अंधारात, न बघता.

आणि डावा हात.
मोकळाच आहे, पण मूठ मिटलेली,
अंगठा तर्जनीवर दाबून,
चौकटीच्या बाहेर कुणी उभं असावं
आणि त्याचा कासरा सुटता कामा नये, तसा.

'बाई,' म्हटलं, 'हे खेचरांवर होते.
दारूगोळा, पाणी, जखमी माणसं,
सगळं यांच्या मागून चालायचं.
बंदूक हातात आली असेल-नसेल.'

ती काहीच बोलली नाही.
रस्त्यावरून हुबळीची बस गेली, काच थरथरली.
मला वाटलं, आता उठेल,
फोटो टॉवेलात गुंडाळेल,
आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जाईल.

'आमच्यात खंडेनवमीला,' ती म्हणाली,
'शेजारी कोयता पुजतात, विळा पुजतात,
कुणाकडं तलवार हाय.
आमी दोरखंड पुजतो.
जुना, काळा पडलेला, टोकाला लोखंडी कडी.
सासूला विचारलं, तिला ठाव नाही.
तिच्या सासूनं सांगितलं होतं म्हणे, धुवायचा नाही.'

मग पहिल्यांदा ती फोटोकडं वाकली.
चेहरा नाही बघितला, मूठ बघितली.

कमानीवर काय लिहायचं ते मी कागदावर लिहून दिलं.
तिनं कागद परत केला:
'खेचरावर नको लिहू. पोरं हसतील.'
दारापर्यंत गेली, फिरली.
'न्हाय, ऱ्हाऊ दे. लिही.'
पैसे विचारले. मी घेतले नाहीत,
आजोबांचा टाका दाखवल्याबद्दल
उलट मीच काही द्यायला हवं होतं.

रात्री शटर ओढल्यावर
कापडाची एक लांब चिंधी घेऊन बसलो,
गुडघ्यापासून खाली.
तीनदा सैल झाली.
चौथ्यांदा दिवा घालवला.